वारली समाज, मोह-ताडी आणि इंग्रजांचे आबकारी धोरण: मुलांच्या पुस्तिकेत हे कसे लिहावे?

वहीपेन (प्रश्न)

डहाणू-तलासरी भागातील आम्ही काही शिक्षक शाळेतील मुलांसाठी परिसराच्या इतिहासाची एक पुस्तिका तयार करीत आहोत. आमच्या वर्गातील बहुतेक मुले वारली आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून (इंग्रज सरकारच्या जिल्हा-माहितीग्रंथापासून) पुढील अनेक जुन्या नोंदींत वारली, काथोडी आदी समाजांचे वर्णन दारूच्या आहारी गेलेले, उद्याची चिंता न करणारे लोक अशा स्वरूपाचे आढळते, आणि तीच वाक्ये थोड्याफार फरकाने आजच्या मराठी पुस्तकांतही उतरलेली दिसतात. ती तशीच मुलांपुढे ठेवण्यास माझे मन धजत नाही. परंतु हा विषय पूर्णपणे वगळणेही प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण दारूमुळे उद्ध्वस्त झालेली घरे ही मुले रोज पाहतात. इंग्रजी राजवटीपूर्वी येथे मद्याचे स्थान काय होते, त्या राजवटीने त्यात नेमका कोणता बदल केला आणि हे आठवी-नववीच्या मुलांना समजेल असे कसे सांगता येईल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दप्तरखाना

इंग्रजांपूर्वी सर्व काही मोकळे होते, असे मात्र लिहू नये. पेशवाईतही मद्य गाळण्यावर बंदीचे हुकूम निघाले होते आणि ठिकठिकाणी भट्टीवर करही होता. तथापि डोंगरपट्ट्यातील घराघरांत पोहोचण्याची यंत्रणा त्या राजवटींपाशी नव्हती आणि तशी फारशी निकडही त्यांना भासली नव्हती. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी मोहाची फुले वेचायची, वाळवायची, त्यांतली काही अन्न म्हणून ठेवायची आणि काही भिजवून, आंबवून मातीच्या मडक्यांतून गाळायची, हे काम घरातच होई. असे मद्य सौम्य असे, गाळल्यावर लवकर संपवले जाई आणि हंगाम सरला की त्याचे प्रमाणही आपोआप घटे.

१८७८ च्या मुंबई आबकारी (मद्यावरील कर व नियंत्रणाच्या) कायद्याने ही घडी मोडली. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचे काम मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणले गेले, जिल्ह्याच्या जिल्हे मक्तेदारांना देण्यात आले आणि ताडीच्या झाडांवरील कर वाढवत नेला गेला. ताडी काढून पोट भरणाऱ्या किनाऱ्यावरील भंडारी समाजालाही याचा मोठा फटका बसला. एवढ्यानेही चोरून गाळणे थांबत नाही असे दिसल्यावर १८९२ मध्ये मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि त्याचा रोख ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांवर होता. त्यामुळे टंचाईच्या दिवसांत ज्या फुलांवर माणसे तग धरीत, ती घरात साठवणे हाच गुन्हा ठरू लागला. माझ्या मते संपूर्ण पुस्तिकेत या एका कायद्याला सर्वाधिक जागा द्यावी. मद्यपानाला आळा घालणे हा त्याचा उद्देश नव्हता. सरकारी दुकानातील कर भरलेले मद्यच विकले जावे, यासाठी तो केलेला होता.

दुकानातील मद्य अधिक कडक होते, बारमाही मिळत होते आणि उधारीवरही मिळत होते. दक्षिण गुजरातेत व लगतच्या ठाणे जिल्ह्यात दुकानदार, सावकार आणि जमीनमालक या तिन्ही भूमिका पुष्कळदा एकाच घरात एकवटल्या होत्या, त्यामुळे उधारीच्या वहीतून जमिनी कशा गेल्या हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे आबकारी हे मुंबई सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या साधनांपैकी एक झाले. १९१९ च्या सुधारणांनंतर आबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली, तेव्हा शाळांचा खर्च दारूच्या पैशातून भागवायचा काय, असा प्रश्न त्या काळच्या सार्वजनिक चर्चेत उघडपणे विचारला जात होता.

कणसरी

मी वारली समाजातील आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. वरील माहिती योग्य आहे, परंतु तिच्यातून "तुमचे पूर्वज बिचारे होते, त्यांना दारूची सवय लावली गेली" एवढेच मुलांच्या मनात उरले, तर गॅझेटियरने केलेले नुकसान दुसऱ्या वाटेने पुन्हा होईल. आमच्याकडे लग्नात, मृत्यूनंतरच्या विधींत आणि नवे धान्य घरात येते तेव्हा आधी थोडे मद्य किंवा ताडी धरतरीला, म्हणजे धरणीमातेला, वाहतात, पूर्वजांची नावे घेतात आणि मग जमलेल्यांना वाटतात. ते कोणी एकट्याने बसून प्यायचे नसते. कोणी घ्यायचे, केव्हा घ्यायचे, किती घ्यायचे याला मर्यादा होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी वडीलधारी माणसे समोरच बसलेली असत. दुकानात दोन आण्यांना मिळणाऱ्या पेल्याला अशी कोणतीही मर्यादा नव्हती. अधिकाऱ्याने दुकानाबाहेर पडलेला माणूस पाहिला आणि तोच आमचा स्वभाव म्हणून लिहून ठेवला. भिंतीवर लग्नाचा चौक (विधीचे चित्र) लिहिणाऱ्या सुवासिनी आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी यांची दखल त्याला त्याच तोडीने घ्यावीशी वाटली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आणखी एक विनंती आहे. जो पीत नाही तोच सुधारलेला, अशी मांडणी पुस्तिकेत कृपया नसावी. माझ्या घरात पिणारे आहेत आणि न पिणारेही आहेत, आणि दोघेही वारलीच आहेत.

सह्यपायथा

कणसरीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून १९२२ च्या देवीच्या चळवळीचा उल्लेख पुस्तिकेत यायलाच हवा, कारण तिची सुरुवात आपल्याच भागात झाली. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी मच्छीमारांमध्ये देवी रोगाची साथ शमवण्यासाठी होणाऱ्या विधीतून हे वारे उठले, घाट चढून नाशिक, डांग, खानदेशाकडे गेले आणि त्या वर्षाअखेर सुरत जिल्ह्यातील आदिवासी गावांत पोहोचले. लोक एकत्र जमत, काहींच्या अंगात देवी येई आणि तिच्या तोंडून आज्ञा होत: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, आणि दक्षिण गुजरातेत तर मद्यविक्रेत्या पारशी जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. काँग्रेसचे कार्यकर्ते तेथे नंतर आले. आरंभीची प्रेरणा आणि संघटन आदिवासींचेच होते.

या चळवळीचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे लागते. त्या आज्ञांमध्ये उच्चवर्णीयांच्या चालीरीतींची छाया आहे, हे नाकारता येत नाही, आणि गावागावांत देवीची बंधने पाळणारे 'वरजेला' व न पाळणारे 'सरजेला' असे दोन तटही पडले. पुष्कळांनी काही काळाने पुन्हा पिण्यास सुरुवात केली. तरीही दुकानावर बहिष्कार घालून मक्तेदाराच्या उत्पन्नावर घाव घालता येतो, हे त्या लोकांनी अचूक ओळखले होते. आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग नक्की आवडेल.

वहीपेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कणसरीताईंची विनंती आम्ही कटाक्षाने पाळू. स्वातंत्र्यानंतर या कायद्यांचे काय झाले, हेही थोडक्यात कळावे, कारण पोलिसांनी भट्टी फोडल्याचे मुलांनी पाहिलेले असते आणि ती त्याबद्दल नक्की विचारतील.

दप्तरखाना

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा हेतू वेगळा होता, परंतु मोहफुलांवरील परवान्याची बंधने तशीच पुढे चालू राहिली. १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्याने) अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आणि गौण वनोपजाची मालकीही त्यांच्याकडे सोपवली. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके त्यात येतात. राज्य शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील, साठवण्यावरील आणि त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. म्हणजे १८९२ च्या कायद्यानंतर सुमारे १२९ वर्षांनी. मुलांना या दोन सनावळ्या शेजारी शेजारी दाखवा आणि मधल्या काळात आपल्या घरी मोह कोठे व कसा साठवत असत, हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणायला सांगा. मात्र त्या नोंदी छापताना कोणाचेही नाव देऊ नका, कारण त्या काळी ती साठवणही गुन्ह्यात धरली जात होती आणि वृद्ध माणसांच्या मनातून ती धास्ती अजून गेलेली नसते.