हार्डशिप लेटर (लेंडरला अडचण सांगून सवलत मागणारं पत्र) कसं लिहायचं? नवऱ्याची नोकरी गेली, मॉर्गेज (घराचं कर्ज) चालू

रानजाई
आम्ही न्यू जर्सीत आहोत. नवऱ्याचा लेऑफ झाला. दोघंही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, त्यामुळे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या ६० दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये तो माझ्यावर अवलंबून म्हणून एच-फोर व्हिसासाठी अर्ज करतोय. नवी कंपनी एच-वन-बीची पिटिशन (अर्ज) भरेपर्यंत त्याला काम करता येणार नाही. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. पण सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेले पैसे) संपला की माझ्या एकटीच्या पगारात हप्ता आणि डेकेअर दोन्ही बसत नाहीत. कर्ज दोघांच्या नावावर आहे.
लेंडरला पत्र लिहायचंय. किती मोठं असावं, काय मागावं, आणि व्हिसाचा उल्लेख करावा का?
तीन गोष्टी आधीच सांगते: घर विकायचं नाही, ४०१-केला (निवृत्तीच्या बचतीला) हात लावायचा नाही, आणि पत्र लिहून देणाऱ्या कोणालाही पैसे द्यायचे नाहीत.

कोहम
घर विकून मोकळे व्हा. व्हिसावर असताना घर घेणंच मला पटत नाही. आम्ही ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत भाड्याने राहिलो, तेव्हा लोक नावं ठेवायचे. आज कर्ज फिटलंय आणि शांत झोप लागते.

रानजाई
विकायचं नाही असं वर लिहिलंय. मुलीची शाळा इथे आहे.

टेक्सासकर
पत्रबित्र लिहीत बसू नका, थेट फोन करा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कोर्टहाउसवर लिलाव होतो. शेजारच्यांचं घर बघता बघता गेलं. बँक कोणासाठी थांबत नाही.

पाऊसवेडी
टेक्सासकर, टेक्सासचे नियम न्यू जर्सीला लागू होत नाहीत. टेक्सासमध्ये बहुतेक फोरक्लोजर (कर्ज थकल्यामुळे घर ताब्यात घेऊन विकणं) कोर्टाबाहेर होतात. न्यू जर्सीत कोर्टात दावा लावावा लागतो आणि त्यात बराच काळ जातो. शिवाय संघीय नियम असा आहे की हप्ते १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय सर्व्हिसरला (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) सहसा फोरक्लोजरचा दावासुद्धा लावता येत नाही. रानजाईंचा एकही हप्ता चुकलेला नाही. त्यांना उगाच घाबरवू नका.

टेक्सासकर
घाबरवत नाहीये. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. १२० दिवस म्हणजे चार महिने, ते कसे जातात कळतही नाही.

जुना_जाणता
मी २००९ मध्ये यातून गेलोय, म्हणून अधिकाराने सांगतो. पत्र मनापासून आणि सविस्तर लिहा. मी दोन पानं लिहिली होती: भारतातून कसे आलो, वडिलांचं आजारपण, मुलांची शिक्षणं. हॅम्प या सरकारी योजनेत हप्ता कमी करून मिळाला. समोर माणूसच बसलेला असतो, त्याच्या काळजाला भिडलं पाहिजे. तुम्हीही हॅम्पसाठीच अर्ज करा.

पाऊसवेडी
काका, हॅम्प २०१६ च्या अखेरीस बंद झालं.
मी काही वर्षं लॉस मिटिगेशनमध्ये (अडचणीतल्या कर्जदारांना सवलत देणाऱ्या विभागात) काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांकडे) आहे का ते आधी बघा. दोघांच्या साइटवर पत्ता घातला की समजतं. तुम्ही हप्ता भरता तो सर्व्हिसर असतो, कर्जाचा मालक बहुतेक वेळा दुसराच असतो, आणि तुम्हाला कोणत्या सवलती मिळू शकतात ते मालकाच्या नियमांवर ठरतं. फॅनी-फ्रेडीचं कर्ज असेल तर फॉर्म ७१० (मदतीचा अर्ज) भरावा लागू शकतो. त्यात अडचणीचं कारण खुणेने निवडायचं असतं: बेरोजगारी, उत्पन्नात घट, आजारपण, घटस्फोट, मिळवत्या माणसाचा मृत्यू वगैरे. पत्र त्याला जोडून द्यायचं. वाचणारा सगळ्यात आधी आकडे शोधतो, म्हणून एका पानापुढे जाऊ नका.
लोन नंबर, घराचा पत्ता आणि दोघांची नावं सगळ्यात वर. काय झालं आणि कोणत्या तारखेला, हे दोन ओळींत. मग आधीचं महिन्याचं उत्पन्न, आताचं उत्पन्न आणि ठरलेला खर्च. खर्च कुठे कापला तेही लिहा, कारण बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. शेवटी नेमकं काय हवंय ते. "कृपया मदत करावी" असं लिहून सोडलं की फाइल इकडून तिकडे फिरत राहते. आणि हप्ता चुकायची वाट पाहू नका. लवकरच भरता येणार नाही हे दिसत असेल तर आधीच अर्ज करता येतो. ३० दिवस उशीर झाला की क्रेडिट रिपोर्टवर नोंद होऊ शकते.

झुळूक
पाऊसवेडींना +१. माझ्या दिराने एका कंपनीला "मॉडिफिकेशन (कर्जाच्या अटींत बदल) मिळवून देतो" म्हणून आगाऊ पैसे दिले. त्यांनी वर हेही सांगितलं की सर्व्हिसरशी तुम्ही स्वतः बोलू नका. तिकडे नोटिसा येत राहिल्या आणि कंपनीने फोन उचलणं बंद केलं. अजून आठवलं की संताप होतो. लेंडरकडून लेखी ऑफर येऊन तुम्ही ती स्वीकारेपर्यंत अशा कंपन्यांना पैसे घेताच येत नाहीत, हा नियम आम्हाला फार उशिरा कळला. हड (अमेरिकेचं केंद्रीय गृहनिर्माण खातं) मान्य हाउसिंग काउन्सेलर फोरक्लोजर टाळण्यासाठी फुकट मदत करतात. ८८८-९९५-४६७३ वर फोन करा.

कोहम
४०१-के कशासाठी असतं मग? घर वाचवायला पैसा काढायचा नाही तर कधी काढायचा?

झुळूक
साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर बहुतेक वेळा १० टक्के दंड आणि वर इन्कम टॅक्स. शिवाय दिवाळखोरीतसुद्धा ४०१-केला सहसा कोणी हात लावू शकत नाही. तेच मोडून हप्ते भरायचे आणि नंतर घरही गेलं तर हातात काय उरणार? त्यांनी नको म्हटलंय ते योग्यच आहे.

कोहम
मी माझं मत सांगितलं. आमच्याकडे वर्षभराचा खर्च बाजूला असायचा, त्यामुळे ही वेळ आली नाही. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

वाटाड्या
हड-मान्य काउन्सेलरकडे जा, फुकट असतो. वर कोणी सांगितलंय का माहीत नाही. रिफायनान्सचा (जुनं कर्ज फेडून नव्या दराने नवं कर्ज घेण्याचा) विचार केलात का? आम्ही योग्य वेळी केलं, हप्ता बराच खाली आला.

पाऊसवेडी
एक नोकरी गेलेली असताना रिफायनान्स अवघड आहे, पात्रता चालू उत्पन्नावर ठरते. आणि दरही बघावा लागेल. जुना दर कमी असेल तर तो सोडणं नुकसानीचं आहे.

दीपस्तंभ
व्हिसाबद्दल: एक अक्षरही लिहू नका. लेंडरला उत्पन्नाशी मतलब. एच-फोर शब्द दिसला की हे लोक देश सोडून जाणार असंच वाटेल. माझ्या मित्राने लिहिलं नव्हतं आणि त्याचं काम झालं.

जुना_जाणता
या एका मुद्द्यावर दीपस्तंभशी सहमत. मागितल्याशिवाय कागद दाखवू नये. मागायची ती हप्त्यातली सवलत मात्र भरपूर मागा. बारा महिने मागा, सहा मिळतील.

पाऊसवेडी
व्हिसाचा उल्लेख बंधनकारक नाही. विचारलं तर मात्र खरं सांगा. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं फेडरल गुन्हा आहे. फोरबेअरन्स (हप्ते काही काळ थांबवण्याची किंवा कमी भरण्याची मुभा) साधारण सहा महिन्यांपर्यंत मिळतो आणि गरज असेल तर वाढवून मिळू शकतो. मीही सहाच मागा म्हणेन. फक्त एवढं लक्षात असू द्या की फोरबेअरन्स म्हणजे माफी नव्हे. थांबवलेले हप्ते नंतर भरावे लागतात: एकरकमी, थोडे थोडे करून, किंवा डिफरल (रक्कम पुढे ढकलणं) मंजूर झालं तर कर्जाच्या शेवटी.
पत्र सर्व्हिसरच्या पोर्टलवर टाका आणि पोचपावतीसह सर्टिफाइड मेलनेही पाठवा. अर्ज मिळाल्यावर पाच कामकाजी दिवसांत त्यांना लेखी कळवावं लागतं की तो पूर्ण आहे की अपुरा. अपुरा असेल तर काय कमी आहे तेही. फोनवर बोललात तर नाव आणि तारीख टिपून ठेवा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. पाऊसवेडी, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. कर्ज फॅनी मेचं निघालं. काउन्सेलरशीही बोलले, त्यांनी बजेटचा तक्ता करून दिला.
पण दोन बाबतींत तुमच्या सगळ्यांच्या विरुद्ध जातेय. सहा महिने मागणार नाही, तीनच मागणार आणि तेही अर्ध्या हप्त्याचे. सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते साठले तर ती रक्कम बघूनच मला धडकी भरेल. अर्धा हप्ता माझ्या पगारातून निघतो. आणि व्हिसाचा उल्लेख करणार आहे. नवऱ्याच्या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, मुलाखती चालू आहेत. मग तीन महिने तरी का लागणार, याचं खरं कारण पिटिशन हेच आहे. ते गाळलं तर मला माझंच पत्र अर्धवट वाटतं.
मसुद्यातला मुख्य भाग मराठीत देते:
"माझ्या पतीची नोकरी कंपनीतील कपातीमुळे गेली. लेऑफचे पत्र आणि सेव्हरन्सचा तपशील सोबत जोडला आहे. माझी पूर्णवेळ नोकरी चालू आहे. त्यांना पुन्हा काम सुरू करण्यासाठी नव्या मालकाने एच-वन-बी पिटिशन दाखल करावी लागते, म्हणून त्यांचे उत्पन्न सुरू होण्यास वेळ लागेल. आजपर्यंत आम्ही प्रत्येक हप्ता वेळेवर भरला आहे. पुढील तीन महिने अर्धा हप्ता भरण्याची परवानगी द्यावी आणि उरलेली रक्कम कर्जाच्या शेवटी ढकलता येईल का, याचा विचार व्हावा, ही विनंती."

दीपस्तंभ
मला अजूनही व्हिसाची ओळ धोक्याची वाटते. निर्णय तुमचा.

पाऊसवेडी
चांगलं झालंय. "वेळ लागेल" ऐवजी अंदाजे महिना लिहा. उरलेल्या रकमेचं उत्तर ते बहुधा तीन महिन्यांच्या शेवटी देतील, म्हणून मुदत संपायच्या आधी तुम्हीच फोन करा. दोघांच्या सह्या हव्यात, आणि जोडलेल्या प्रत्येक पानावर लोन नंबर लिहा, पानं सुटी होऊन हरवतात.

टेक्सासकर
आणि फोन कराच.