पीएचडीच्या आधीचा उन्हाळा : सर लवकर बोलवायलेत, पगाराचं कसं बोलावं?

गोदाकाठ (नांदेड)

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय. ऑफर लेटरमध्ये नऊ महिन्यांचे २४,००० डॉलर, ट्यूशन फी माफ आणि आरोग्य विमा, एवढं आहे. आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं कागदपत्र) सुरुवातीची तारीख १७ ऑगस्ट. गाईड सर म्हणायलेत की १५ जूनलाच ये, लॅबमध्ये पूर्णवेळ काम कर, महिन्याला २,००० डॉलर देतो. घरचे म्हणायलेत, गुरूशी पैशाचं बोलू नये, ते नाराज होतील. ही रक्कम बरोबर आहे का? वाढवून मागता येते का? तिकिटाचे पैसे मागावेत का? आणि मेलमध्ये नेमकं काय लिहावं?

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, पगाराच्या आधी तारीख बघा. १५ जून जमतच नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा जाणाऱ्याला आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच देशात शिरता येतं. १७ ऑगस्टमधून ३० दिवस वजा केले की १८ जुलै येतो. विमानतळावरचा अधिकारी १५ जूनला परत पाठवू शकतो. कॅम्पसवरची नोकरीही त्या ३० दिवसांच्या आधी सुरू करता येत नाही. बऱ्याच प्राध्यापकांना हा नियम ठाऊक नसतो, कारण आय-२० चं काम डीएसओ, म्हणजे विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकारी, बघतात.

सर कदाचित म्हणतील, "आय-२० उन्हाळ्याचं करून घे." तसं होतं, पण मग उन्हाळा हेच तुमचं पहिलं सत्र ठरतं आणि त्यात पूर्ण क्रेडिटची, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासक्रमाची, नोंदणी सक्तीची होते. त्या क्रेडिटची फी कोण भरणार? तुमची फीमाफी बहुधा ऑगस्टपासून आहे. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना लागणाऱ्या चढ्या दरानं उन्हाळ्याच्या थोड्या क्रेडिटनाही हजारो डॉलर लागतात, म्हणजे महिन्याचे दोन हजार त्यातच जातील. वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मर्यादा. ज्या पूर्णवेळ कामासाठी बोलावतायत तेच करता येणार नाही.

शिवाय जूनची तारीख घेतली आणि मुलाखतीची वेळ मिळाली नाही, तर आय-२० परत ऑगस्टचं करून घ्यावं लागेल. नांदेडकरांना हैदराबादचं वाणिज्य दूतावास जवळ पडतं, पण मे-जूनमध्ये तिथंही विद्यार्थ्यांची झुंबड असते. माझं स्पष्ट मत : आय-२० ला हात लावू नका. १८ जुलैनंतर पोहोचा आणि सत्र सुरू होईपर्यंत चार आठवडे काम करा. या चार आठवड्यांत पूर्णवेळ चालेल की २० तासच, हे डीएसओंना मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कापूसपट्टा (परभणी)

आता रकमेचा हिशेब. २४,००० भागिले ९ म्हणजे महिन्याला २,६६७ डॉलर. पण हे पैसे अर्धवेळ कामाचे असतात, आठवड्याला २० तास, महिन्याला साधारण ८७ तास. तासाला ३० डॉलरहून थोडं जास्त पडलं. सर देतायत ते २,००० पूर्णवेळ ४० तासांचे, महिन्याला १७३ तास. तासाला साडेअकरा डॉलर. काम तेच, लॅब तीच, दर निम्म्याहून कमी. तुमच्या मागणीचं बळ ह्या हिशेबात आहे. "मला गरज आहे" किंवा "भारतातून यायला खर्च फार" असं लिहून काही हलत नाही.

दुप्पट, म्हणजे ५,३३३ मागावेत का? मागायला हरकत नाही, पण मिळणं अवघड. कमीत कमी मागणी अशी असावी : वीस तास आणि सत्रातला मासिक दर, म्हणजे २,६६७. पूर्णवेळ हवं असेल तर त्याच्या वर काहीतरी. कित्येक विभागांत उन्हाळ्याच्या रिसर्च असिस्टंटचे दर ठरलेले असतात. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला विचारलं तर ते आकडा सांगतात. तो आधी मिळवा, मग सरांना लिहा.

घरच्यांना एक सांगा. हे पैसे सरांच्या खिशातले नाहीत, संशोधन अनुदानातले आहेत. त्या अनुदानावर तुमच्या पगाराखेरीज विमा आणि इतर लाभांचा खर्च पडतो, कधी ट्यूशनही. म्हणून सर हात आखडता घेतात. तिथं पगाराबद्दल विचारण्यात अवमान मानत नाहीत, अंदाजपत्रकाची चर्चा समजतात. गुरूबद्दलचा आदर भाषेत ठेवायचा, आकडा मात्र सोडायचा नाही.

मेल इंग्रजीत जाईल, गाभा असा ठेवा :

"आपल्या लॅबमध्ये लवकर येण्याची संधी दिलीत, आभारी आहे. माझ्या आय-२० नुसार १८ जुलैच्या आधी मला येता येत नाही. त्या तारखेनंतर पहिल्या सोयीच्या सोमवारपासून काम सुरू करता येईल. ऑफर लेटरमधला दर अर्धवेळ कामासाठी महिन्याला २,६६७ डॉलर आहे. उन्हाळ्यातल्या कामालाही तोच दर धरता येईल का? आठवड्याचे तास किती धरायचे तेही कृपया कळवावे. ठरलेलं नियुक्तिपत्रात आलं, तर डीएसओंना दाखवायला सोयीचं होईल."

तिकिटाची मागणी ह्याच मेलमध्ये घालू नका. प्रवासखर्च अनुदानातून देणं अवघड असतं, विभागाकडे मात्र कधी एकरकमी निधी असतो. तो प्रश्न कोऑर्डिनेटरला वेगळा विचारा.

गोदाकाठ (नांदेड)

तारखेचं खरंच माहीत नव्हतं. एक विचारायचंय. सर म्हणायलेत की जूनमध्ये नांदेडहूनच वाचन आणि डेटाचं काम सुरू कर, त्याचे पैसे आल्यावर जुलैच्या पगारात घालून देतो. चालेल का?

बालाघाट (अंबाजोगाई)

नाही! जूनचे तास जुलैच्या हजेरीत दाखवणं म्हणजे खोटी नोंद. सरांचा हेतू चांगला असेल, पण सही तुमची आणि व्हिसाही तुमचाच.

भारतात बसून केलेल्या कामाचे पैसे भारतातच घ्यायचे. विद्यापीठ तुम्हाला बाहेरचा कंत्राटदार म्हणून नोंदवतं, तुम्ही डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे कळवणारा कराचा फॉर्म) भरून देता, काम अमेरिकेबाहेर झाल्यामुळे तिथला कर लागत नाही. ते उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवायचं, बँकेकडून परकीय रकमेचा दाखला घेऊन ठेवायचा. अडचण एवढीच की ही नोंदणी व्हायला आठवडे जातात आणि काही विद्यापीठं परदेशातल्या व्यक्तीला असे पैसे देतच नाहीत. एवढ्या थोड्या आठवड्यांच्या कामासाठी ती खटपट परवडते का ते बघा. संदर्भलेख वाचणं आणि लॅब सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण बिनपगारी करायला हरकत नाही. डेटाचं काम मात्र पगाराचं काम आहे.

मांजराकाठ (लातूर)

वर सगळं बरोबर आलंय, हातात पडणाऱ्या रकमेबद्दल थोडं.

एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (तिथल्या निवृत्तिवेतन आणि म्हातारपणच्या आरोग्य योजनांची) ७.६५ टक्के कपात लागत नाही. उन्हाळ्यात नोंदणी नसली की पगार विभाग चुकून ती कापतो. पहिली पगारपावती आली की ह्या दोन ओळी बघा. कापले असतील तर आधी विद्यापीठाकडेच परत मागायचे. त्यांनी नाही दिले तर कर खात्याचा ८४३ क्रमांकाचा फॉर्म आहे.

आयकराचं तर आपल्याला झुकतं माप आहे. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट (उत्पन्नातली ठरावीक करमुक्त रक्कम) मिळते, २०२५ साठी ती १५,७५० डॉलर होती. ऑगस्टमध्यापासून डिसेंबरपर्यंत साडेचार महिन्यांचे १२,०००, त्यात उन्हाळ्याचे २,६६७ धरले तरी १४,६६७ होतात. केंद्राचा आयकर शून्य, कापलेला परत मिळतो. राज्याचा कर वेगळा असतो. हेच पैसे पगाराऐवजी "फेलोशिप" म्हणून दिले तर बहुधा १४ टक्के आधीच कापतात. म्हणून पैसे कोणत्या नावानं येणार ते विचारून घ्या.

पहिला पगार हातात यायला ऑगस्टअखेर उजाडेल असं धरून चाला. पोहोचल्यावर साधारण दहा दिवसांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगार आणि करासाठी लागणारा ओळख क्रमांक) अर्ज करतात. सोबत पासपोर्ट, आय-९४ (देशात शिरल्याची नोंद), आय-२०, विभागाचं नोकरीचं पत्र आणि डीएसओंचं पत्र लागतं. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, पगार मात्र तिथंच अडकू शकतो. दोन महिन्यांचं भाडं, एक भाड्याएवढी अनामत आणि किराणा एवढे पैसे सोबत असू द्या. विद्यार्थ्यांचा विमा साधारण ऑगस्टात सुरू होतो, मधल्या आठवड्यांसाठी छोटी पॉलिसी घ्या, कारण लॅबमध्ये हाताला काच लागली तरी तिथलं बिल मोठं येतं.

कापूसपट्टा (परभणी)

लातूरकरांनी विम्याचं आठवण करून दिलं ते बरं झालं. त्याहून मोठी गोष्ट राहून जातेय. ताई, तुमचं पत्र नऊ महिन्यांचं आहे. पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांचे तीन-तीन महिने त्यात नाहीत. पाच वर्षांच्या पीएचडीत मधले चार उन्हाळे येतात, म्हणजे बारा महिने. २,६६७ नं ते ३२,००० डॉलर होतात. आत्ताच्या चार आठवड्यांपेक्षा जोर इथं लावा.

ऑफर स्वीकारायची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते आणि तोवर तुमचा शब्द जड असतो. अजून सही केली नसेल तर आधी हाच प्रश्न : "पुढच्या उन्हाळ्यांत पगार मिळतो का, कुठल्या निधीतून, आणि गेल्या दोन वर्षांत विभागातल्या किती विद्यार्थ्यांना मिळाला?" सही झाली असेल तरी विचारा, फक्त मागणीऐवजी माहिती म्हणून. सर तोंडी हो म्हणाले तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" असा दोन ओळींचा मेल टाकून ठेवा, सरांचं अनुदान कधी संपतं ती तारीखही त्यात विचारा.