'सर्ज'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मेघना: किनाऱ्यावरच्या गावांसाठी चक्रीवादळाचं माहितीपत्रक मराठीत करतेय आणि 'स्टॉर्म सर्ज'वर (वादळात समुद्राचं पाणी चढतं ते) अडकलेय. डिक्शनरीत लाट, उसळी असं दिलंय. पण हाच सर्ज कॅब बुक करताना भाड्यात दिसतो, टीव्हीच्या प्लगजवळ प्रोटेक्टरवर असतो, कोविडच्या बातम्यांत होता, 2007 ला अमेरिकेने इराकमध्ये वीस हजारांवर जादा सैनिक धाडले त्यालाही सर्जच म्हणायचे. सगळीकडे चालेल असा एक शब्द आहे का? सध्या मी 'उधाण' लिहिलंय.

शब्दवेडा: एकच शब्द शोधत बसू नका, मिळणार नाही. मूळ लॅटिन 'सुर्गेरे', म्हणजे उठणं, वर येणं. सोर्स, रिसर्जन्स, इन्सर्जंट सगळे त्याच घरातले (सर्जन मात्र नाही हं, तो ग्रीक 'हाताचं काम' वरून आलाय). मराठीत काय वर येतंय त्यावर क्रियापद ठरतं, सोनं उसळी घेतं, कांदा भडकतो, संताप उफाळतो, गर्दी लोटते. नुसतं 'वाढ झाली' लिहिलं की त्यातला जोरच जातो.

वायरमन_सातारा: आमच्या लाईनीत सर्जच म्हणतात, गिऱ्हाईक म्हणतं 'व्होल्टेज वाढून आलं'. पण फरक आहे. वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की क्षणभर, सेकंदाच्याही बारीकशा भागात जो झटका येतो तो सर्ज. न्यूट्रल तुटला आणि बल्ब पांढराफेक होऊन तसाच जळत राहिला तर तो सर्ज नाही, तिथे प्रोटेक्टरच जळून जातो, लगेच मेन स्विच पाडा.

खाडीकाठचा: ताई, उधाण काढून टाका प्लीज. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, ती आम्हाला कॅलेंडर बघून कळते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती असते. स्टॉर्म सर्जला तिथी नसते, वारा समुद्र किनाऱ्याकडे रेटतो, वर हवेचा दाब उतरला की दर हेक्टोपास्कलला पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं. तुमचं पत्रक वाचून कोणी म्हणेल आज तर भांग आहे, होडी इथेच राहू दे, आणि घात होईल. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनकडे आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, भरती आधीच मोठी, वर वादळाचं पाणी, अशी दोन्ही एकत्र आली तर जास्त वाईट. 'लाट' पण नको, लाट येते आणि मागे जाते, हे पाणीच वर चढून तासन्‌तास राहतं आणि लाटा त्याच्यावरून येतात.

मेघना: दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग असं लिहू का, 'वादळामुळे समुद्राचं पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा वर चढेल, भांग असला तरी'?

खाडीकाठचा: हो, अगदी असंच. शेवटचे तीन शब्द ठळक छापा.