अफगाण कुटुंबं आणि ब्रिटनमधली कौन्सिलं: अडतंय नेमकं कुठे?

हिशेबनीस
काबूल पडलं तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, ब्रिटनने विमानांनी सुमारे १५ हजार लोक बाहेर काढले. त्यातल्या अफगाण कुटुंबांना वसवायचं काम आलं कौन्सिलांच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकांच्या, गळ्यात, तेही ऐच्छिक: ज्याला जमेल त्याने कुटुंबं घ्यायची. माझं म्हणणं असं की कौन्सिलांना पैसा कमी मिळाला नाही, मिळालं नाही ते घर. सरकारकडून कौन्सिलला माणशी तीन वर्षांचे २०,५२० पाउंड ठरले: पहिल्या वर्षी १०,५००, मग ६,०००, मग ४,०२०. शाळेसाठी मुलामागे ४,५०० आणि मोठ्यांच्या इंग्रजीसाठी ८५० वेगळे. सात जणांच्या कुटुंबाचे नुसते मूळ पैसेच १,४३,६४० होतात. त्यात केसवर्कर (कुटुंबाची कामं बघणारा कर्मचारी), दुभाषी, पलंग-गाद्या सगळं बसतं. भाड्याने मात्र चार बेडरूमचं घर सहसा मिळतच नाही. म्हणून मार्च २०२३ मध्येही सुमारे ८ हजार लोक तात्पुरत्या हॉटेलांतच होते आणि त्यातली निम्मी मुलं. कौन्सिलांनी सरळ घरं विकत घ्यावीत. त्यासाठीच्या सरकारच्या घरनिधीतून तेव्हा किमतीच्या साधारण ४० टक्के मिळत, हॉटेलातल्या कुटुंबांसाठी घेतलेल्या मोठ्या घरांना ५० टक्के, वर डागडुजीला घरामागे २० हजार.

उत्तरवारा
घर घेतलंत, भाडं कोण भरणार? २०२३-२४ चे दर घ्या. आई-वडील, पाच मुलं, त्यातली तीन एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेली. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे सरकारी मासिक मदतीत, दांपत्याचे महिना ५७८.८२, पहिल्या मुलाचे ३१५, पुढच्या दोघांचे प्रत्येकी २६९.५८. शेवटच्या दोघांचे शून्य, कारण तेव्हाची दोन मुलांची मर्यादा: एप्रिल २०१७ पासून जन्मलेलं मूल तिसरं किंवा पुढचं असेल तर त्याचे पैसे नाहीत. बेरीज १,४३२.९८. त्यात पाचही मुलांचा चाइल्ड बेनिफिट (मुलांचा सरकारी भत्ता) महिना ३७९.६०. झाले १,८१२.५८. लंडनबाहेर बेनिफिट कॅप, म्हणजे भाड्यासकट सगळ्या भत्त्यांची कमाल मर्यादा, महिना १,८३५. म्हणजे भाड्याला उरले २२ पाउंड. बावीस! घर कौन्सिलचं असो की खाजगी, कॅपला फरक पडत नाही. नव्याने आलेल्यांना कॅपमधून नऊ महिन्यांची सवलतही नाही, कारण ती आधी वर्षभर इथे कमावलेल्यांनाच मिळते.

मिडलँड्सकर
दोघांचंही अर्धंच पटतं. घर विकत घ्यायचं तर उरलेली रक्कम कौन्सिलने कर्ज काढून घालायची, सर्व्हे, वकील, बॉयलर-वायरिंग करता करता महिने जातात. तोवर हॉटेलची नोटीस संपते. २०२३ मध्ये नोटीस तीन महिन्यांची होती आणि घर एकदाच दाखवायचं, नाकारलं तर दुसरं नाही. त्यापेक्षा सरकारने त्याच वेळी कौन्सिलांना दिलेले माणशी ७,१०० पाउंड कामाला आले. कशावरही खर्चायची मुभा होती: अनामत, आगाऊ भाडं, घरमालकाला भाड्याची हमी. सात माणसांचे ४९,७००. इतक्यात खाजगी घरमालक दार उघडतो. शिवाय कौन्सिलच्या घरांच्या वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षं थांबलेल्या स्थानिकांपुढे नवी खरेदी केलेली घरं थेट दुसऱ्यांना दिली की राजकारण पेटतं, ते वेगळंच.

हिशेबनीस
हमी संपल्यावर काय, ते लिहा ना. खाजगी घराला मदत मिळते ती त्या भागाच्या एलएचए दराइतकीच (एलएचए म्हणजे खाजगी भाड्याला मिळणाऱ्या मदतीची कमाल मर्यादा). तो दर एप्रिल २०२० पासून २०२४ पर्यंत गोठलेला होता, भाडी मात्र नाही. आणि एलएचए चार बेडरूमला थांबतो, पाचव्या खोलीचा पैसा नाही. घरमालकाने भाडं वाढवलं की कुटुंब पुन्हा बेघर आणि पुन्हा त्याच कौन्सिलच्या दारात, बेघरांना मदत करायच्या १९९६ च्या कायद्याखाली, ५६ दिवसांच्या मुदतीसह. वेटिंग लिस्टचं म्हणाल, तर घरनिधीतलं घर त्या निधीशिवाय उभंच राहिलं नसतं. कोणाच्या ताटातलं काढलेलं नाही.
उत्तरवारांचं गणित मान्य. पण कॅपमधून एक वाट आहे: घरात ठरावीक कमाई आली, २०२३-२४ मध्ये महिना ७२२ पाउंड, की कॅप सुटते. किमान वेतनाने आठवड्याला १६ तास. त्यानंतर कौन्सिलच्या घराचं भाडं पूर्ण धरतात, खाजगीचं एलएचएपुरतंच. तोपर्यंतची फट कौन्सिलने तेव्हाच्या डीएचपीमधून, म्हणजे घरभाड्याच्या जादा मदतीतून, भरायची.

गोधडी
१६ तास म्हणणं सोपं आहे, पण घर कुठे आहे ते बघा. स्वस्त मोठी घरं बहुधा तिथे, जिथे बस तासाला एक. अफगाण लायसन्सवर बारा महिनेच गाडी चालवता येते आणि ते बदलून मिळत नाही. लेखी परीक्षेतला परकी भाषांचा आवाज २०१४ मध्येच बंद झाला. म्हणजे काबूलमध्ये वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तेराव्या महिन्यात घरी बसतो आणि कॅप तशीच. माझं मत मिडलँड्सकरांच्या जवळ जातं: भाड्याचं लहान घर चालेल, पण गोदाम, कारखाना, हलाल दुकान, मशीद असलेल्या शहरात. कुटुंबं घर नाकारतात ती नखऱ्याने नाही. मुलगी अकरावीच्या वर्गात असताना, म्हणजे इथल्या जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) वर्षी, शाळा बदलली की परीक्षा मंडळ बदलू शकतं आणि केलेला अभ्यास वाया जातो.

मिडलँड्सकर
आणखी एक, इथल्या मराठी मंडळींसाठी. "उर्दू कळते ना, मग आमच्या हिंदीने चालवून घेऊ" असं मदतीला जाताना म्हणू नका. पाकिस्तानात राहून आलेल्यांना उर्दू येते; पंजशीरच्या आजीला दरी (अफगाण फारसी) भाषाच येते, कंदाहारच्या सुनेला पश्तूच. डॉक्टरकडे आणि युनिव्हर्सल क्रेडिटच्या मुलाखतीत कौन्सिलचाच दुभाषी मागा आणि मागताना भाषा नेमकी सांगा, नाहीतर इराणी फारसीवाला येतो. मुलांना मध्ये घालू नका.

उत्तरवारा
हिशेबनीस, डीएचपीची थैली लहान होती आणि ती सगळ्या गावाची होती. एका कुटुंबाला महिना ८०० दिले की तिकडे दोन स्थानिक कुटुंबं उपाशी. आणि १६ तासांचं काम पहिल्या सहा महिन्यांत लावलंत तर इंग्रजीचा वर्ग सुटतो, माणूस गाड्या धुण्यातच अडकतो. वर्ग बहुतेक दिवसाचे असतात, शिफ्टही दिवसाचीच.

हिशेबनीस
म्हणून वर्ग संध्याकाळी घ्या आणि तिथेच मुलं सांभाळायची सोय करा. ८५० पाउंडांत नुसती शिकवणी बसते, पाळणाघर नाही. ते मूळ १०,५०० मधून काढायचं. बायकांची हजेरी बहुतेक त्यावरच ठरते.

गोधडी
स्वस्त घरांच्या गावात संध्याकाळी बस सहाला बंद होते. म्हणून म्हणते, आधी शहर ठरवा, मग घर.