मदत हवी आहे: डिक गॉकन यांच्या गाण्यांतली स्कॉट्स बोली

नमस्कार मंडळी. एडिंबरातल्या लीथमध्ये वाढलेले लोकगायक डिक गॉकन यांचा १९८१ चा 'हँडफुल ऑफ अर्थ' हा अल्बम महिनाभर ऐकतोय. त्यातल्या 'एरिन गो ब्रा'मध्ये स्कॉटलंडमधल्या अर्गाइलच्या डंकन कॅम्पबेलला आयरिश समजून पोलीस हटकतो. ते ऐकताना दर वेळी अंगावर काटा येतो. ब्रिटनमधल्या १९८४-८५ च्या खाण संपात खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिलेला हा गायक, आणि गिटार तर काय वाजवायचे!

पण स्कॉट्स बोलीतले निम्मे शब्द निसटतात. स्कॉटलंडमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? 'एरिन गो ब्रा' या एका गाण्याची कडवी मराठीत उलगडून सांगाल? खाणकामगारांच्या गाण्यांचा गॉकन यांचा 'ट्रू अँड बोल्ड' हा अल्बम कुणाकडे असेल, तर तेही कळवा.