माथ्यावर रेडिओचा मनोरा असेल तर तो डोंगर चढण्यालायक राहत नाही का?

कडेकपारी (धागाकर्ता):
ट्रेकची यादी करायला बसलं की एक वाक्य हमखास येतं: "तो नको, वर रेडिओचं प्रक्षेपण केंद्र आहे." चढ कसा आहे, जंगल कसं आहे, वरून काय दिसतं हे विचारायच्या आधीच डोंगर बाद. मला हा निव्वळ नखरा वाटतो.

मुळात मनोरा तिथे का उभा राहतो? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. म्हणून अभियंते असा माथा शोधतात जिथून जास्तीत जास्त मुलूख उघडा दिसतो. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा १००० मीटर उंच माथ्यावरून स्वच्छ हवेत नजर सुमारे ११३ किलोमीटरवर टेकते. रेडिओलहर वातावरणात किंचित वाकते, म्हणून ती १३० पर्यंत जाते. म्हणजे तुम्हाला जे दृश्य हवंय तेच अँटेनाला हवंय. मनोरा हा त्या दृश्याचा दाखलाच आहे की!

आणि सगळेच मनोरे कुरूप नसतात. चेकियातल्या लिबेरेत्सजवळचा येश्टेद डोंगर बघा. उंची १०१२ मीटर. माथ्यावरचं जुनं हॉटेल १९६३ मध्ये जळालं. त्या जागी कारेल हुबाचेक या वास्तुरचनाकाराने हॉटेल आणि प्रक्षेपण मनोरा एकाच इमारतीत बसवले. डोंगराची चढती रेषा तशीच पुढे नेली, सुईच्या टोकापर्यंत. इमारत पूर्ण व्हायच्या आधीच, १९६९ मध्ये, तिला वास्तुरचनेचं ओग्युस्त पेरे पारितोषिक मिळालं. खुली झाली १९७३ मध्ये. आज मनोऱ्याशिवाय तो डोंगर कुणी चितारतसुद्धा नाही.

रानवाट:
साफ असहमत. एक येश्टेद दाखवून बाकीच्या लोखंडी सांगाड्यांची वकिली करू नका.

माझा आक्षेप मनोऱ्याच्या रूपाला नाहीच. मनोऱ्याबरोबर जे वऱ्हाड येतं त्याला आहे. घाम गाळत चार तास चढायचं आणि माथ्यावर काय, तर पांढरी व्हॅन उभी! ड्रायव्हर आरशात बघून भांग पाडतोय. शेवटचा टप्पा डांबरावरून. डिझेल जनरेटरचा वास. आणि सर्वात संतापजनक म्हणजे डोंगराचा सर्वोच्च खडक कुंपणाच्या आत. मग लोक जाळीत बोटं घालून फोटो काढतात आणि "समिट झाला" म्हणतात. कसला समिट?

जर्मनीतल्या ब्रोकेनचं उदाहरण घ्या. ११४१ मीटर, हार्ट्झ पर्वतातलं सर्वात उंच टोक. १९३० च्या दशकात तिथे टीव्हीचा मनोरा आला. ऑगस्ट १९६१ पासून माथा लोकांना बंद, भोवती काँक्रीटची भिंत. ३ डिसेंबर १९८९ ला लोक मोर्चा घेऊन वर गेले तेव्हा कुठे फाटक उघडलं. २८ वर्षं! उंच जागा एकदा यंत्रांच्या ताब्यात गेली की माणसाला परवानगी मागत फिरावं लागतं.

कडेकपारी:
रानवाट, ब्रोकेनला रेडिओच्या नावावर खपवू नका. तो माथा बंद झाला कारण पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर होती, आणि वर सोव्हिएत सैन्याचे आणि श्टाझीचे (पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचे) हेरगिरीचे कान बसवलेले होते. दोष शीतयुद्धाचा. मनोरा आजही आहे आणि लोक रोज वर जातात.

व्हॅनवाल्याच्या भांगाबद्दल मात्र सहानुभूती.

शंकासूर:
रूप, रस्ता सगळं ठीक. पण प्रारणांचं (रेडिएशनचं) काय? कुंपणावर धोक्याच्या पाट्या असतात त्या उगाच का? मला तर अशा ठिकाणी डोकं जड झाल्यासारखं वाटतं.

लहरी:
अशा केंद्रावर शिफ्ट केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

एफएमच्या पट्ट्यात सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा दर चौरस मीटरला २ वॅट आहे. अँटेना मनोऱ्याच्या वरच्या भागात असतात आणि आपली शक्ती क्षितिजाकडे फेकतात, कारण श्रोते तिकडे आहेत. पायथ्याच्या माणसावर पैसा खर्च करून कोण ऊर्जा ओतेल? शिवाय अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपट घटते. पाट्या आहेत त्या मुख्यतः मनोऱ्यावर चढणाऱ्यासाठी. अँटेनाजवळ काम करायचं तर आम्हालाही आधी शक्ती कमी करून घ्यावी लागते किंवा प्रक्षेपण थांबवावं लागतं. मध्यमलहरींचे (मीडियम वेव्हचे) मनोरे वेगळे. तिथे अख्खा खांबच अँटेना असतो, हात लावला तर भाजतं. पण ते बहुधा सपाट, ओलसर जमिनीवर असतात. त्यांना डोंगराची गरज नसते. डोकं जड होण्याचं म्हणाल तर चार तासांच्या चढानंतर पाणी किती प्यायलात तेही बघा.

खरा धोका वेगळाच आहे: बर्फ. थंड प्रदेशात मनोऱ्यावर आणि त्याला ताणून धरणाऱ्या दोरांवर बर्फाचे जाड थर धरतात. ऊन पडलं की ते सुटतात, आणि वारा असेल तर पायथ्यापासून बरेच लांब जाऊन आदळतात. इंग्लंडमधल्या एमली मूरचा ३८६ मीटरचा मनोरा १९ मार्च १९६९ ला बर्फ आणि वाऱ्यामुळे अख्खा कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हिवाळ्यात मनोऱ्याच्या आडोशाला बसून डबा उघडणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

जाता जाता: माथ्यावर गाडी आणणाऱ्यांची रिमोट किल्ली कधी कधी चालत नाही. एवढ्या जोरदार सिग्नलखाली गाडीतला रिसीव्हर दबून जातो. रानवाट यांना तेवढंच समाधान.

ढगफुटी:
विजेचं कुणीच बोललं नाही? स्वित्झर्लंडच्या झेंटिसवर, २५०२ मीटर उंचीवर, १२४ मीटरचा मनोरा आहे. त्याला वर्षाला शंभरच्या आसपास विजा भिडतात, आणि त्यातल्या बहुतेक ढगातून खाली येत नाहीत, मनोऱ्याच्या टोकावरून वर जातात. म्हणून तर २०२१ मध्ये लेझरने विजेला वाट दाखवण्याचा प्रयोग तिथे झाला. "मनोरा आहे म्हणजे वीज त्याच्यावर पडेल, आपण सुरक्षित" असं समजून जवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा. प्रवाह जमिनीतून पसरतो.

चार_संपर्क:
हौशी रेडिओवाला आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी मनोऱ्यांच्या बाजूने बोलणार. उलट आहे.

'समिट्स ऑन द एअर' नावाचा उपक्रम २००२ पासून चालू आहे. सगळी यंत्रसामग्री स्वतःच्या पाठीवर वाहून माथ्यावर जायचं आणि तिथून इतरांशी संपर्क साधायचा. निदान चार संपर्क झाले तर गुण मिळतात. गाडीच्या बॅटरीवर चालवायचं नाही, इंधनाचा जनरेटर नाही. आता कल्पना करा, तुम्ही पाच वॅटचा हातातला संच घेऊन उभे आहात आणि चाळीस मीटरवर दहा किलोवॅटचं एफएम केंद्र बोंबलतंय. संच पार बहिरा होतो. समोरचा मला ऐकतो, मला फक्त फुसफुस.

उपाय एकच. नियमाप्रमाणे माथ्यापासून उंचीत २५ मीटर खालपर्यंतचा भाग चालतो, त्यात एखादा मोठा खडक शोधायचा आणि त्याच्या मागे दडायचं. होकायंत्रावरही तिथे डोळे मिटून विश्वास नको. लोखंडाच्या जवळ सुई भरकटते. मी असे डोंगर टाळतो.

पाऊलखुणा:
रानवाट यांना आशेचा एक किरण: फुजी. १९५९ च्या चक्रीवादळात जपानमध्ये पाच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर ३७७६ मीटरच्या माथ्यावर हवामानाचं रडार बसवलं, १९६४ मध्ये. घुमटाचा सांगाडा हेलिकॉप्टरने नेला होता. उपग्रह आले, गरज संपली, १९९९ मध्ये रडार बंद केलं आणि २००१ मध्ये घुमट उतरवला. तो आता खाली फुजियोशिदामध्ये संग्रहालयात आहे. एफएमचेही दिवस भरलेच आहेत. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस. मनोरे जातील.

लहरी:
नाही जाणार. एफएमच्या जागी डिजिटल रेडिओ आला, त्याच्या लहरीही सरळच जातात. त्याच माथ्यावर, त्याच मनोऱ्यावर अँटेना बदलली, संपलं. शिवाय पोलीस, बचाव पथकं, मोबाइल यांचे रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणारे संच, त्याच खांबावर टांगलेले असतात. पाय मोडून दरीत पडलेल्याचा फोन लागतो तो यामुळेच.

रानवाट:
वाटच बघत होतो, पाय मोडलेला माणूस कधी आणता याची. अहो, रिपीटर हवा तर हवा. पण तो नेमक्या सर्वोच्च खडकावरच का? पन्नास मीटर खाली सोंडेवर उभा केला तर काय बिघडतं?

लहरी:
लोकवस्ती एकाच बाजूला असेल तर काही बिघडत नाही, तसं करतातही. दोन्हीकडे खोरी असतील तर सोंडेवरून मागचं खोरं सावलीत जातं. मग तिथे दुसरं केंद्र, दुसरी वीजवाहिनी आणि दुसरा रस्ता. तुम्हाला एक रस्ता खुपतोय, दोन चालतील?

मात्र कुंपणाबद्दल तुमच्याशी सहमत. आमच्याकडे जुन्या आखणीत सोय म्हणून अख्खा माथा कवेत घेतला होता. खोली, जनरेटर आणि पाया यांना मिळून त्याच्या निम्मीही जागा लागत नाही. खडक बाहेर ठेवता आला असता, कुणी मागितला नाही एवढंच.

कडेकपारी:
हेच म्हणायचं होतं. डोंगर यादीतून काढण्यापेक्षा खडक मागा.

रानवाट:
खडक मागू, पत्राचा मसुदा तुम्ही करा, सही मी करतो. पण कुंपण हललं तरी व्हॅनचा रस्ता राहतोच, आणि पायवाट त्याला ठिकठिकाणी छेद देते. रस्त्याला खालीच फाटक लावून फक्त केंद्राची गाडी सोडणार असतील तर बघू. तोवर माझ्या यादीत तो डोंगर नाही.