एडिटरमधला कोड थेट टर्मिनलमध्ये: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०४: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, पण आपल्याकडे कॉम्प्युटरवाले बरेच आहेत म्हणून विचारते. माझ्या प्रोजेक्टचा डेटा कॉलेजच्या सर्व्हरवर आहे. कोड लॅपटॉपवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये लिहिते, टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन करून तिथे पायथन उघडते आणि थोडा थोडा कॉपी करून तिकडे पेस्ट करते. फंक्शन मोठं असलं की मध्येच ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’, म्हणजे ओळीआधी नको तिथे मोकळी जागा आहे, असा एरर येतो. तोच कोड फाइल म्हणून चालवला तर बिनतक्रार चालतो. मग पेस्ट करताना काय बिघडतं?

सी-३०३: फंक्शनच्या मध्ये रिकामी ओळ सोडतेस का?

बी-२०४: हो दादा. वाचायला सुटसुटीत वाटतं म्हणून.

सी-३०३: तिथेच अडतंय. पायथनच्या जुन्या प्रॉम्प्टवर, म्हणजे जिथे एकेक ओळ टाइप करतो तिथे, रिकामी ओळ आली की फंक्शन संपलं असं तो धरतो. फाइल वाचताना तसं धरत नाही. पुढची ओळ चार स्पेस सोडून आली की त्याला ती अधांतरी वाटते. पायथन ३.१३ पासून, म्हणजे २०२४ पासून, प्रॉम्प्ट बदललाय. त्यात असं पेस्ट नीट होतं.

बी-२०४: सर्व्हरवर ३.८ आहे 😔

सेक्रेटरी काका: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे. चर्चा चालू ठेवा, काही हरकत नाही.

ए-५०१ काकू: दादा बरोबर सांगतोय, पण मूळ कारण समजलं तर पुढे दहा ठिकाणी उपयोग होईल. पलीकडच्या प्रोग्रामला तू टाइप केलंस की पेस्ट केलंस हे कळत नाही. त्याच्याकडे एकामागून एक अक्षरं येतात, बस. तुझ्या मजकुरातली नवी ओळ त्याच्यासाठी एंटर, आणि टॅब म्हणजे ‘पुढचा शब्द पुरा करून दे’. म्हणून कधी कधी पेस्ट केल्यावर भलतीच फाइलनावं स्क्रीनवर येतात.

यावर ब्रॅकेटेड पेस्ट नावाचा तोडगा आहे. प्रोग्रामने आधी तशी मागणी करायची. मग टर्मिनल पेस्टच्या आधी २०० आकड्याची एक खूण आणि शेवटी २०१ ची खूण लावून पाठवतो. मधलं सगळं एकसंध धरायचं आणि टाइप केलं असं समजायचं नाही, हे त्यावरून प्रोग्रामला कळतं. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे ५.१ आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. आयपायथन म्हणजे पायथनचाच सुधारलेला प्रॉम्प्ट, त्यालाही समजतं. म्हणून पहिलं काम, सर्व्हरवर तुझ्या खात्यात आयपायथन घाल.

सी-३०३: आणि कॉपी-पेस्ट सोडायचं असेल तर व्हीएस कोडच्याच टर्मिनलमध्ये एसएसएच कर. फक्त शिफ्ट-एंटर दाबू नकोस. त्याने लॅपटॉपवरचं पायथन वेगळं उघडतं आणि कोड तिकडे जातो. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये (कमांड शोधायची यादी) ‘रन सिलेक्टेड टेक्स्ट इन ॲक्टिव्ह टर्मिनल’ आहे, ती वापर. तिला आधीपासून शॉर्टकट नसतो, आपला आपण लावायचा.

डी-१०२: आरस्टुडिओ (आर भाषेचा एडिटर) वापरणाऱ्यांसाठी: कंट्रोल-एंटरने ओळ कन्सोलमध्ये जाते हे सगळ्यांना माहीत असतं. कंट्रोल-ऑल्ट-एंटरने ती शेजारच्या टर्मिनल टॅबमध्ये जाते. तिथे एसएसएच करून ठेवलं की सर्व्हरवरचं आर हाताशी आलं.

बी-२०४: हे सोपं आहे! पण आमच्या हॉस्टेलच्या वायफायवर कनेक्शन सारखं तुटतं. पायथन बंद पडतं, आणि तासभर लोड केलेला डेटा जातो.

ए-५०१ काकू: मग टीमक्स शिक. ते सर्व्हरवर चालतं. तुझं नेट गेलं तरी आतलं पायथन चालूच राहतं. परत लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की सोडलं होतंस तिथेच. स्क्रीनचे कप्पे करता येतात, त्यांना पेन म्हणतात. एका कप्प्यात व्हिम हा एडिटर, शेजारी आयपायथन. व्हिममध्ये व्हिम-स्लाइम नावाचं प्लगइन टाक. कंट्रोल-सी दोनदा दाबलं की कर्सर आहे तो परिच्छेद शेजारी जातो. पहिल्यांदा ते विचारतं, कुठल्या कप्प्यात पाठवू? नंतर लक्षात ठेवतं. त्याच्या सेटिंगमध्ये ब्रॅकेटेड पेस्ट चालू करायला विसरू नकोस, नाहीतर तुझी रिकामी ओळ पुन्हा आडवी येईल.

स्लाइम हे नाव ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमधून आलंय. लिस्प भाषेत कोड लिहिणारे लोक फार पूर्वीपासून असंच काम करतात, एकेक तुकडा चालत्या प्रोग्रामला देऊन बघत बघत.

बी-२०४: काकू, सर्व्हरवर टीमक्स नसेल तर?

ए-५०१ काकू: ‘स्क्रीन’ नावाचा टीमक्ससारखाच प्रोग्राम बहुतेक असेल. ते १९८७ चं आहे. त्यातही बाहेरून मजकूर आत सारण्याची ‘स्टफ’ नावाची सोय आहे आणि व्हिम-स्लाइमला ती वापरता येते.

आणि एक सांगते. दहा-वीस ओळी पाठवायला ही पद्धत उत्तम. अख्खी फाइल चालवायची असेल तर अशी ओतू नकोस. आयपायथनमध्ये ‘रन’, आरमध्ये ‘सोर्स’, एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ‘रीड’. फाइल त्याची त्याला वाचू दे.

सी-३०३: काकू, एसक्यूलाइट म्हणजे तुम्ही मेंटेनन्सचा हिशेब असाच ठेवता का?

ए-५०१ काकू: हो, आणि त्यात मी एकदा मोठी चूक केली आहे. दोन कप्पे उघडे होते. एकात खरा हिशेब, दुसऱ्यात चाचणीची प्रत. दोन्हीकडे प्रॉम्प्ट अगदी सारखा. चाचणीतल्या पावत्या पुसायची ओळ पाठवली आणि ती गेली खऱ्या हिशेबात, कारण आदल्या दिवशी व्हिमला तो कप्पा सांगून ठेवला होता. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं. त्या दिवशीच्या अकरा पावत्या पावतीपुस्तकातून पुन्हा भरल्या. लोकांच्या पैशाचा हिशेब आहे, मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून एसक्यूलाइटचा प्रॉम्प्ट बदलून ठेवते. एकीकडे ‘खरा>’ दिसतं, दुसरीकडे ‘चाचणी>’. खरा हिशेब नुसता बघायचा असेल तर रीडओन्लीने उघडते. काही पुसायचं असेल तर आधी ‘बिगिन’, मग ओळ पाठवायची, किती नोंदी गेल्या ते बघायचं, आणि आकडा पटला तरच ‘कमिट’, तेव्हाच बदल पक्का होतो. हाताने टाइप करताना माणूस जरा थबकतो. इथे दोन बटणांत ओळ पलीकडे गेलेली असते.

सेक्रेटरी काका: ताई, हे मला माहीत नव्हतं. एवढं सगळं तुम्ही एकट्या सांभाळता.

बी-२०४: (सोमवार, रात्री) काकू, झालं! टीमक्स होतं सर्व्हरवर. आयपायथन घातलं, ब्रॅकेटेड पेस्ट चालू केलं. रिकाम्या ओळींसकट फंक्शन एका फटक्यात गेलं. मध्ये दोनदा नेट गेलं, परत जाऊन बघितलं तर डेटा जागच्या जागी. फक्त व्हिममधून बाहेर कसं पडायचं ते आधी शोधावं लागलं.

ए-५०१ काकू: छान! आता जे चाललं ते फाइलमध्ये सेव्ह करत जा. प्रॉम्प्टवरच दुरुस्त करून पुढे गेलीस तर महिन्याने निकाल हातात असेल आणि तो कुठल्या ओळीने आला हे सापडणार नाही.

बी-२०४: हो काकू. आज एकदा तसंच केलं होतं, लगेच फाइलमध्ये उतरवते.

सेक्रेटरी काका: ताई, ती रोजची प्रत कुठे ठेवता आणि परत कशी आणायची, हे मलाही शिकवा. तुम्ही गावाला गेलात तर इथे कोणाला तरी यायला हवं.

ए-५०१ काकू: रविवारी ५ वाजता सोसायटीच्या ऑफिसात या, लॅपटॉप घेऊन. सी-३०३, तूही ये.

सी-३०३: येतो काकू.